सरकी घातली कोनं

अनसाबाईंच्या अंगणातल्या गव्हाणीत सरकी मी घातली होती.

एवढंसं वाक्य आहे. पण ते तोंडातून निघायला मला इतका काळ लागला, की तोवर एका माणसाचा जीव गेला, एका बाईचं नाव गेलं, आणि त्यावर रचलेलं गाणं दिग्रसपासून ढाणकीपर्यंत कापसाच्या वावरावावरांत पसरलं. त्या गाण्यात सगळं आहे. बैल आहेत, नदी आहे, बंद दार आहे. फक्त मी नाही.

अरुणावतीच्या काठी एका लहानशा गावात मी प्राथमिक शाळेचा मास्तर होतो. गावाची एक जुनी रीत होती. मुलगी पाहायला आलेल्या पाहुण्यांना तोंडावर 'नाही' म्हणायचं नाही, आणि पाहुण्यांनीही तोंडानं विचारायचं नाही. चहापाणी सगळ्यांना सारखंच. उत्तर मिळायचं ते बैलांना. स्थळ पसंत असलं तर मुलीच्या घरचं माणूस पाहुण्यांच्या बैलांपुढे सरकी ठेवी. पसंत नसलं तर बैलांनी गाडीतून आलेला आपलाच कडबा खायचा आणि वाटेला लागायचं. निघताना पाहुणे गव्हाणीकडे एकवार बघत आणि काय ते समजून घेत. कुणाला कमीपणा नको, कुणाची शोभा नको.

ही रीत मला ठाऊक होती. ठाऊक नव्हती असं मी पुढं बराच काळ स्वतःला सांगत आलो, पण ते खरं नाही.

अनसाबाई माझ्या शेजारी राहत. मधे तुराट्यांचं कुंपण, तेही जागोजागी मोडलेलं. वयानं त्या माझ्याच बरोबरीच्या, तिशीकडे झुकलेल्या. त्या वयाची बिनलग्नाची बाई गावात दुसरी नव्हती. उंच, हाडापेरानं मोठ्या, लुगड्याचा पदर कमरेला घट्ट खोचलेला. कापूस वेचताना दोन्ही हात सारखे चालायचे आणि त्यांच्या ओटीतल्या कापसात पानाचा चुरा म्हणून सापडायचा नाही. आई लहानपणीच गेलेली. वडील होते, त्यांना सगळं गाव बापू म्हणे. बापूंचे दोन्ही डोळे देवीत गेले होते. चार एकरांचं वावर अनसाबाई एकट्या करत.

त्यांची एक सवय होती. जे दिसेल ते त्या बापूंना मोठ्यानं सांगत. दिवसभर. भाकरी थापताना, शेण काढताना, अंगण झाडताना.

"बापू, ऊन निंबावर चढलं."

"बापू, कोंबडी निघाली फिराले, लेकरं घेऊन."

"बापू, मास्तर शाळेत चालले. टोपी वाकडी हाय."

हे शेवटचं ऐकलं की मी मुकाट्यानं टोपी सरळ करायचो. बापू अंगणातल्या खाटेवर बसून मान हलवत, मधूनच हसत. त्या बोलण्यातूनच त्यांना गाव दिसायचं. मी एकदा अनसाबाईंना म्हणालो, "थोडं बरंवाईट तिखटमीठ लावून सांगत जा. म्हाताऱ्याला तेवढीच करमणूक."

त्या हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघत राहिल्या. "आंधया मानसाले बनवून सांगाचं नाही, मास्तर. जे दिसते तेच सांगतो म्या. एकडाव बनवून सांगतलं, का मंग त्याले सारंच बनवलेलं वाटन."

हे वाक्य मी तेव्हा विसरून गेलो. पुढं ते मला फार जड गेलं.

स्थळं त्यांना येत. बापूंच्या शब्दाखातर त्या पाहुण्यांपुढे येऊन बसतही. एकदा एका मुलाच्या आईनं विचारलं, "पोरीले सैपाक येते ना?" अनसाबाई म्हणाल्या, "बापूले इचारा. दोन्ही डोये गेले, पन माह्या हातचं खाऊन अजून हाय." बापू खाटेवर इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्या पाहुण्यांच्या बैलांना अर्थातच कडबाच मिळाला. अशी किती स्थळं आली नि गेली. गव्हाण रितीच राहिली. गावानं त्यांच्यावर थोडी कुजबूज केली, थोडी थट्टा केली, आणि सोडून दिलं. कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, त्याच दिवाळीनंतरची गोष्ट. नदीपलीकडच्या गावचे श्रीपतराव आपल्या काकांना घेऊन आले. पहिली बायको बाळंतपणात गेलेली, मूलबाळ नाही. गडी हसतमुख होता. त्यांची पांढरी जोडी बघण्यासारखी होती, गळ्यात पितळी घागरमाळा. गाडी निंबाखाली लावून ते कुंपणाशी आले नि मला म्हणाले, "मास्तर, जराकसं बैलाइकडं लक्ष ठेवसान काय? हा डावा लय लाडाचा हाय. मले इचारल्याबिगर जेवत नाही."

मला माणूस एकदम आवडला.

थोड्या वेळानं अनसाबाई मागच्या अंगणात रांजणातलं पाणी घ्यायला आल्या. मी कुंपणावरून हलकेच विचारलं, "काय ठरवलं?"

"ठरवाचं काय? नाही म्हनाचं."

"का? माणूस बरा आहे."

"बराच हाय. बऱ्या मानसाले नाही म्हनता येत नाही काय?" मग जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "मले त्याचा राग नाही, मास्तर. मले माहं वावर हाय, बापू हाय. पोट भरल्यावर कोनी वाढाले आलं, त आपन ताटावर हात धरतो ना? तसं."

त्या आत गेल्या आणि मी विचार करू लागलो. बापू आज आहेत, उद्या नाहीत. मग ही बाई एकटी कशी राहील? तिला तिचं हित कळत नाही. शिकलेल्या माणसानं अशा वेळी गप्प बसायचं का? मास्तरकीची ही वाईट खोड असते. दुसऱ्याच्या पाटीवरचं उत्तर पुसायचं आणि आपलं लिहायचं. कुंपणाच्या मोडक्या जागेतून मी पलीकडे गेलो. पडवीत टोपल्यात सरकी होती. दोन ओंजळी घेतल्या आणि गव्हाणीत टाकल्या. डाव्या बैलानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग तोंड घातलं. श्रीपतरावांना विचारायला तो काही थांबला नाही.

ते बाहेर आले तेव्हा मी परत माझ्या अंगणात होतो. त्यांची नजर गव्हाणीकडे गेली. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. रीतीप्रमाणे ते काही बोलले नाहीत. डाव्या बैलाच्या कपाळावर थाप मारली, घराच्या दाराकडे बघून हात जोडले आणि गाडीवर चढले. घागरमाळा वाजत नदीकडे गेल्या.

अनसाबाई रिकाम्या कपबश्या घेऊन अंगणात आल्या आणि थबकल्या.

"बापू, गव्हानीत सरकी हाय."

"कोनं घातली?" बापूंनी विचारलं.

अनसाबाईंनी मान वळवली. मी कुंपणाशी होतो, खुराड्याचं दार लावल्यासारखं करत.

"मास्तर उभे हायत," त्या म्हणाल्या. एवढंच. जे दिसत होतं ते.

त्या माझ्यावर ओरडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर माझ्या ओट्याशी येऊन उभ्या राहिल्या. "मास्तर, नदीपल्याड जा. सांगा का चुकी झाली. कोनाची ते नका सांगू पाहिजे त. पन नाही म्हून सांगा."

मी गेलो. नदीपर्यंत गेलो. उताराशी, जिथून गाड्या नदी ओलांडत तिथं, चपला हातात घेतल्या, धोतर वर खोचलं आणि पाण्यात उभा राहिलो. पलीकडच्या काठावर कुणी गडी दोन पांढरे बैल धूत होता. लांबून गाणं गुणगुणल्याचा आवाज येत होता. मी परत फिरलो. वाटेत मनाशी म्हटलं, चार दिवसांत अनसाबाईंचं मन वळेल. अशा गोष्टी आपोआप मार्गी लागतात.

"सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"सांगितलं," मी म्हणालो.

पंधरवड्यानं श्रीपतराव कुंकवाचं ताट घेऊन आले. हिरवं लुगडं, नारळ, सुपारी. काका होते, भाऊ होता. आमच्या गावची चार शहाणी माणसं अंगणातल्या सतरंजीवर बसली, त्यात मीही. अनसाबाई वावरातून आल्या त्या ओटीत कापूस तसाच घेऊन. पाहुणे पाहिले, ताट पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग दाराच्या चौकटीत जाऊन उभ्या राहिल्या आणि आमच्या गावात जे कधी कुणी तोंडानं बोललं नव्हतं ते बोलल्या.

"मले लगन नाही कराचं."

श्रीपतराव चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला. "मंग सरकी घातली कोनं, बाई?"

अनसाबाई माझ्याकडे बघत होत्या. रागानं नाही. वर्गात उत्तर येत असलेल्या मुलाकडे मास्तर जसा थांबून बघतो, तसं. मी ताटातल्या सुपारीकडे बघत बसलो. सुपारीला एका बाजूनं कुंकू लागलं होतं, दुसऱ्या बाजूनं नाही. मग अनसाबाईंनी आत जाऊन दार लावलं.

काका नि भाऊ मागं राहून आमच्या लोकांशी भांडत बसले. श्रीपतराव एकटेच गाडी जुंपून निघाले.

दिवस मावळतीला आला होता. नदीवर धुकं उतरू लागलं होतं. उताराच्या डाव्या हाताला डोह आहे, तो तिथल्या लेकरांनाही ठाऊक. श्रीपतराव त्या वाटेनं आयुष्यभर गेलेले. तरी गाडी डावीकडे कशी गेली, कासरा हातातून कसा सुटला, कुणालाच कळलं नाही.

मी अंगणात उभा असताना बैल परत आले. जोडीनं, सावकाश. मानेवर तुटकी दोरी लोंबत होती, घागरमाळा पाण्यानं भरून बसक्या आवाजात वाजत होत्या. गळ्यापर्यंत ओले. डाव्याच्या शिंगाला शेवाळ गुंडाळलेलं. ते आपल्या गावाकडे गेले नाहीत. अनसाबाईंच्या निंबाखाली आले आणि रित्या गव्हाणीत तोंड घालून उभे राहिले.

दार उघडलं.

"बापू, बैल आले."

"आन मानूस?"

"मानूस नाही."

सकाळी डोहातून श्रीपतरावांना काढलं. अनसाबाई काठावर उभ्या होत्या. लोकांनी त्यांच्याभोवती वाकळ पसरावी एवढी मोकळी जागा सोडली होती. ती जागा पुढं कधी भरली नाही.

आमच्या गावाशेजारी बंजाऱ्यांचा तांडा होता. तिथल्या सोनीबाई वेचणीला येत. काळ्या ठसठशीत, हातभर बांगड्या, आणि जिभेवर गाणं. लग्न असो की मरण, सोनीबाईंनी त्याचं गाणं केलं नाही असं व्हायचं नाही. त्यांनी हेही केलं. एकीनं विचारायचं, बाकीच्यांनी उत्तर द्यायचं.

पांढऱ्या बैलाची जोडी, उभी निंबाच्या सावलीत,
कोनं घातली सरकी, बाई, रित्या गव्हानीत?
तिनंच, बाई, तिनंच.

कुकवाचं भरलं ताट, गेलं माघारी दारातून,
कोनं लावली कडी, बाई, आतून आतून?
तिनंच, बाई, तिनंच.

बैल आले घराले, धनी राह्यला डोहात,
कोनं आयकल्या घागरमाया, बाई, सांजीच्या धुक्यात?
तिनंच, बाई, तिनंच.

संक्रांतीपर्यंत गाणं सगळ्या वावरांत होतं. ऐकणाऱ्याला वाटे, काय ही बाई. आधी बैलांना सरकी घालून माणसाला आशेला लावलं आणि मग तोंडावर दार लोटलं. आया लेकींना दटावू लागल्या, "अनसीसारखी करशीन त पाह्य."

पुढच्या हंगामात सोनीबाई आणि बायका अनसाबाईंच्याच वावरात वेचणीला होत्या. त्यांच्यासमोर ते गाणं म्हणायला कुणी धजेना. भर दुपारी, सगळ्या आपापल्या तासाला, कापसाच्या ओळीला, लागलेल्या असताना, अनसाबाईंनी स्वतःच आवाज लावला. 'पांढऱ्या बैलाची जोडी.'

"काहून थांबल्या? म्हना ना. तुमचंच गानं हाय."

बायकांनी खाली बघत 'तिनंच, बाई, तिनंच' म्हटलं. अनसाबाईंनी पुढचा प्रश्न घातला. हे मी धुऱ्यावरून, वावराच्या बांधावरून, ऐकलं. तेव्हापासून त्या रोज गात. फक्त प्रश्न त्यांचा. उत्तराच्या वेळी ओठ मिटलेले.

मी एकदा धीर करून विचारलं, "कशाला गाता? गाणं खोटं आहे."

"खोटं नाही, मास्तर. त्यात एक जागा रिकामी हाय. म्हून गातो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी शाळेची वेळ झाली म्हणून निघून आलो. त्या दिवशी रविवार होता.

श्रीपतरावांचा भाऊ बैल घेऊन गेला. ते पुन्हा नदी ओलांडून आले. पुन्हा नेले, पुन्हा आले. शेवटी त्यानं दिग्रसच्या बाजारात जोडी विकून टाकली, लांबच्या गिऱ्हाईकाला. त्यानंतर निंबाखाली काही नव्हतं. पण अनसाबाई दिवस मावळताना टोपल्यातून सरकी आणून गव्हाणीत टाकत.

"बापू, बैल आले. डाव्याच्या शिंगाले शेवाय तसंच हाय."

बापू खाटेवरून गव्हाणीकडे कान करत. "हाव. खाऊन राह्यले."

मी कुंपणाशी उभा राहून बघायचो. गव्हाणीपाशी काहीच नसायचं. आणि तरी सरकी फुटल्याचा बारीक करकर आवाज यायचा, सावकाश, जनावर थकून घरी आल्यावर खातं तसा. उंदीर असतील. घुशी असतील. मी शाळेत मुलांना भुतंखेतं नसतात असं शिकवणारा माणूस. पण एका वैशाखात, जमीन भेगाळलेली असताना, निंबाखालची माती मी वाकून चाचपली. खुरांपुरती ती ओली होती. हाताला डोहाचा वास आला.

आणि अनसाबाई बनवून सांगत नसत.

बापू त्याच वर्षी गेले. मला वाटलं, आता हे थांबेल. तेराव्यानंतरच्या सकाळी कुंपणापलीकडून आवाज आला, "बापू, मास्तर चालले. टोपी वाकडी हाय." खाट रिकामी होती, वळकटी गुंडाळून उभी केलेली. माझा हात टोपीकडे गेला नाही. मी घरात येऊन बसलो आणि त्याच आठवड्यात बदलीचा अर्ज लिहिला.

ढाणकीला आलो. गाव मोठं, बाजार मोठा, माझं नाव तिथं चांगलं झालं. हेडमास्तर झालो. केस पिकले. मी त्या दिवसांबद्दल घरी कधी बोललो नाही. वाटलं, नदी तिकडेच राहिली.

मग एका हिवाळ्यात मधल्या सुट्टीत पटांगणातून ओळखीची चाल कानावर आली. मुली फेर धरून नाचत होत्या. एक मधे उभी राहून विचारत होती, बाकीच्या टाळ्या पिटून ओरडत होत्या. 'तिनंच, बाई, तिनंच.' मी दारात गेलो तशा थांबल्या. मधली मुलगी, चौथीतली, डोळे मोठे करून म्हणाली, "गुरुजी, ती असी काहून वागली? आधी सरकी घातली, मंग नाही काहून म्हनली?"

शाळेत प्रश्नाला उत्तर द्यायचं असतं. मी म्हणालो, "मला माहीत नाही." माझ्या नोकरीत मुलांशी मी बोललेलं ते पहिलं धडधडीत खोटं. मुलींनी पुन्हा फेर धरला. मी घंटा लवकर दिली.

दोन दिवसांची रजा टाकून मी दिग्रसची बस धरली, आणि तिथून पायी.

गावाच्या वाटेवर तांड्याकडून सोनीबाई भेटल्या. म्हाताऱ्या झालेल्या, बांगड्या तशाच. मला ओळखायला त्यांना वेळ लागला.

"याडी! माय! मास्तर? किती वायले तुमी!"

मी अनसाबाईंची चौकशी केली. वावरात आहेत म्हणाल्या, वेचणी चालू आहे, आपणही तिकडेच निघालोय. बरोबर चालताना त्यांनी चाल मंद केली. मग म्हणाल्या, "ते गानं म्या केलं, मास्तर. जसं दिसलं तसं केलं. पन आता मले त्याचं भेव लागते."

"भीती कसली?"

"अनसाबाई इचारते ना, कोनं घातली? आमी म्हनतो, तिनंच. त्यात एक बाप्या मानूस बी म्हनते. धुऱ्याकून, तुरीच्या आडून. आधी वाटलं कोनी टवाया पोट्टा असन. जाऊन पाह्यलं, कोनी नाही. लय वर्सं झाली. काय म्हनते ते समजत नाही. पन 'तिनंच' नाही म्हनत, एवढं सांगतो."

"श्रीपतराव?" माझ्या तोंडून गेलं.

"नाही जी. त्याचा आवाज म्या आयकला व्हता ना." सोनीबाईंनी पदर डोक्यावरून पुढं ओढला. "हा जिता मानूस हाय. कोंडल्यावानी बोलते."

वावर तेच. पांढरं फुटलेलं, धुऱ्याच्या कडेनं तुरीच्या ओळी. ऊन डोक्यावर होतं. बायका तासाला लागल्या होत्या आणि सगळ्यांत पुढं अनसाबाई, पाठमोऱ्या. कमरेत जरा वाकलेल्या, पण दोन्ही हात तसेच सारखे चालत होते. त्यांच्या दोन्ही बाजूंची तासं मोकळी होती. काठावरच्या त्या सकाळी सोडली होती तेवढीच जागा. सोनीबाई आपल्या तासाला गेल्या. मी तुरीच्या आडोशाला उभा राहिलो. शेंगा वाऱ्यानं खुळखुळत होत्या. मी येतोय असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

त्यांनी आवाज लावला. तो आता फाटला होता, पण चाल सरळ होती.

पांढऱ्या बैलाची जोडी, उभी निंबाच्या सावलीत,
कोनं घातली सरकी, बाई, रित्या गव्हानीत?

बायकांनी उत्तरासाठी श्वास घेतला. त्या सगळ्यांच्या आधी मी बोललो. गाता मला येत नाही. शब्द कोंडल्यासारखा बाहेर आला.

"म्यानं, बाई, म्यानं."

जन्मात मी तसा बोललो नव्हतो. मी शाळेची भाषा बोलणारा माणूस. पण त्या प्रश्नाला त्याच बोलीत उत्तर होतं.

एकाही बाईनं दचकून मागं पाहिलं नाही. हात तेवढे बोंडांवर थांबले. सोनीबाई हळूच शेजारणीला म्हणाल्या, आणि ते मला स्वच्छ ऐकू आलं, "हाच. हाच तो आवाज."

इतकी वर्षं मी ढाणकीला होतो, तालुका ओलांडून, शाळेच्या चार भिंतींत. मग इथं कोण उभं होतं?

अनसाबाई वळल्या नाहीत. बाजूला, जिथं कुणीच नव्हतं तिथं, मान किंचित झुकवून त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "बापू, मास्तर आले. धुऱ्यावर उभे हायत. टोपी हातात हाय."

टोपी खरंच माझ्या हातात होती. ती कधी काढली मला आठवत नाही.

मी तासांतून चालत त्यांच्यासमोर गेलो. बायका ऐकत होत्या, आणि मला त्यांनी ऐकायला हवंच होतं. मी म्हणालो, "अनसाबाई, सरकी मी घातली. तुमच्या टोपल्यातली, तुम्हाला न विचारता. तुम्ही 'नाही' म्हणालात ते मी ऐकलं होतं, तरी घातली. तुम्ही निरोप देऊन पाठवलंत तर नदीतून मागं फिरलो आणि तुम्हाला सांगितलं म्हणालो. श्रीपतराव विचारत होते तेव्हा तुम्ही मला बोलायला जागा दिलीत, मी सुपारीकडे बघत बसलो. त्यांना मी डोहात घातलं आणि तुम्हाला गाण्यात. मी चुकलो. तुमची माफी मागतो. नाही दिलीत तरी चालेल, पण मागतो."

त्यांच्या हातातलं बोंड अर्धं सोललेलं होतं. त्यांनी ते पूर्ण सोललं, कापूस ओटीत टाकला, आणि मान वर करून माझ्या खांद्यावरून नदीकडे पाहिलं.

"बापू," त्या म्हणाल्या, "बैल चालले."